लॅपटॉपची रॅम: कंपनीकडून वाढवून घ्यावी की स्वतः बसवावी?

मुलाच्या कॉलेजसाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी लॅपटॉप घेताना विक्रेता हमखास विचारतो, “आठ जीबी घेता की सोळा?” दोन्हींच्या किमतीत काही हजारांचा फरक असतो. हप्त्यावर घेताना तो फरक डोळ्यांत भरत नाही, पण खिशातून जातोच.

रॅम म्हणजे लॅपटॉपचे कामाचे टेबल. टेबल लहान असले की चार कागद उघडताच जागा संपते आणि काम मंदावते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे टेबल नंतर, कमी खर्चात मोठे करता येते. मात्र सगळ्यांत नाही.

आधी हे पाहा

रॅम दोन प्रकारे बसवलेली असते. एका प्रकारात ती खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये असते आणि काढता-घालता येते. दुसऱ्या प्रकारात ती मुख्य बोर्डावरच पक्की जोडलेली असते. अनेक पातळ लॅपटॉप आणि ॲपलची आजची मॅकबुक दुसऱ्या प्रकारात मोडतात. तिथे नंतर वाढ करता येत नाही. म्हणून असा लॅपटॉप घेताना पुढच्या चार-पाच वर्षांची गरज ओळखून सुरुवातीलाच पुरेशी रॅम घ्या. तिथे काटकसर केली, तर पुढे अख्खा लॅपटॉपच बदलावा लागतो.

खरेदीपूर्वी कंपनीच्या माहितीपत्रकात “स्लॉट किती” आणि “कमाल रॅम किती” हे वाचा. जुना विंडोज लॅपटॉप असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसते.

त्याच ठिकाणी खरा दोष रॅमचा आहे का तेही कळते. नेहमीचे काम करताना मेमरी सतत ८०–९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम वाढवून फायदा होईल. मेमरी मोकळी आहे, पण डिस्क सारखी १०० टक्के दिसते आणि आत जुनी हार्ड डिस्क आहे, असे असेल तर आधी एसएसडी बसवा. रॅमवरचा खर्च तिथे वाया जाईल.

हिशेब करून पाहू

समजा, आठ जीबीचा लॅपटॉप ४५,००० रुपयांना आहे आणि तोच सोळा जीबीचा ५३,००० ला. फरक ८,००० रुपये. हा फरक वार्षिक १६ टक्के व्याजाने बारा हप्त्यांत भरला, तर हप्ता सुमारे ७२६ रुपये आणि एकूण भरणा सुमारे ८,७१० रुपये होतो.

आता समजा, बाजारात आठ जीबीची पट्टी ४,००० ला मिळते आणि दुकानदार बसवायचे ३०० घेतो. एकूण ४,३०० रुपये. म्हणजे सुमारे ४,४०० रुपये वाचले. रॅमचे भाव बरेच खालीवर होतात, त्यामुळे हे आकडे त्या दिवशीच्या भावाने पुन्हा मांडा. कधीकधी फरक इतका कमी उरतो की कंपनीकडूनच घेणे शहाणपणाचे ठरते.

एक बाब विसरू नका. दोन्ही स्लॉटमध्ये चार-चार जीबीच्या पट्ट्या असतील, तर सोळासाठी त्या दोन्ही काढून आठ-आठच्या दोन घ्याव्या लागतात. खर्च दुप्पट होतो.

कंपनीला दिलेल्या जादा पैशांत काय मिळते?

एकाच ठिकाणची जबाबदारी. बिघाड झाला तर “दोष पट्टीचा की लॅपटॉपचा” हा वाद उरत नाही. स्वतः बसवताना काही तुटले, तर ते नुकसान वॉरंटीत सहसा येत नाही. काही कंपन्या ग्राहकाला रॅम बदलू देतात, काही देत नाहीत. म्हणून झाकण उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

बाजारातून घेताना

- डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या स्लॉटमध्ये बसत नाही. जुन्या पट्टीवरची माहिती मोबाइलने टिपून दुकानात न्या.
- दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की गावातले दुकान, जीएसटीचे पक्के बिल घ्या. त्याशिवाय पट्टीची वॉरंटी मागणे अवघड जाते.
- काम करण्यापूर्वी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा आणि धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. हात धजत नसेल तर दुकानात, डोळ्यांसमोर बसवून घ्या.
- काढलेली पट्टी जपून ठेवा. वॉरंटीत लॅपटॉप दुरुस्तीला देताना ती परत बसवता येते.
- विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

थोडक्यात, स्लॉट असेल तर आज गरजेपुरती रॅम घ्या आणि वाचलेली रक्कम बाजूला ठेवा. गरज पडेल तेव्हा त्यातूनच पट्टी येईल. स्लॉट नसेल तर आजच पुरेशी घ्या, पण शक्यतो रोखीने.