ग्राफिक्स कार्ड गेलं? डॉलर मोजण्याआधी

स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा दिसल्या म्हणून कार्ड लगेच बाद ठरवू नका. केबल बदला, कार्डाची धूळ झटका, ते स्लॉटमध्ये पुन्हा घट्ट बसवा. तरीही तेच? मग कार्ड काढून मॉनिटर थेट मदरबोर्डच्या पोर्टला जोडा. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असेल तर रोजचं काम निभतं. इंटेलच्या 'एफ' अक्षर लागलेल्या प्रोसेसरांत ती नसते.

वॉरंटी शिल्लक असेल तर ती सोडू नका. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ कार्डावरचा सीलचा स्टिकर फाटला म्हणून अमेरिकेत वॉरंटी नाकारता येत नाही. जुलै २०२४मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशाच स्टिकरांवरून झोटॅक, गिगाबाइट आणि एएसरॉकला इशारापत्रं धाडली.

विकतच घ्यायचं तर आधी पॉवर सप्लाय पाहा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. ऑफिसातून निवृत्त झालेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसतेच. तिथे २०१९चं जीटीएक्स १६५० चालतं. पण त्याच नावाच्या काही कार्डांना सहा पिनांची जोडणी लागते, म्हणून फोटोत कार्डाची वरची कड निरखून पाहा. आरएक्स ६४००ला जोडणी लागत नाही. मात्र ते स्लॉटमधल्या डेटाच्या चारच लेन (मार्गिका) वापरत असल्याने जुन्या मदरबोर्डवर मंदावतं.

वापरलेलं कार्ड ईबेवर घेताना 'फॉर पार्ट्स' लिहिलेलं स्वस्त असलं तरी टाळा. वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू परत करता येते, पण तिथे बिघाड आधीच सांगितलेला असतो.