विंचूदंश आणि खेड्यातील डॉक्टर

कोकणातील तांबडा विंचू दगडाखाली वा सरपणात दडून असतो. त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर विलक्षण भार पडतो व कित्येकदा फुप्फुसांत पाणी साचते. मोठे इस्पितळ दूर, हाताशी यंत्रे नाहीत. अशा वेळी खेड्यातील डॉक्टराने काय करावे?

महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून या दंशाची पूर्वलक्षणे टिपली व १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी रक्तदाब उतरविणारी प्राझोसिन ही गोळी योजिली. तिने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. रुग्णाचे गार पडलेले हातपाय ऊबदार होईपर्यंत ती ठराविक अंतराने देतात. ती ऊब पारखावयास डॉक्टराचा हात पुरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. या उपायाने ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. आता सोबत प्रतिविषही देतात.

परंतु रुग्ण वेळेवर पोहोचला तरच हे सारे उपयोगी! म्हणून पालकांस आमची विनंती आहे: घाम, वांती व गार हातपाय दिसताच, वेदना थोडी असली तरी, मांत्रिकाकडे वेळ न दवडता दवाखाना गाठावा.