पडणं खोटं, जीव खरा

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण आपण बहुधा कुणाला सावध करायला वापरतो. सिनेमावाल्यांचं मात्र सगळं पोटपाणीच या म्हणीवर चालतं. नायक कड्यावरून कोसळतो, आपला श्वास अडकतो. तो अडकावा म्हणूनच तर सगळा खटाटोप. पण त्यासाठी कुणाचा खरोखरचा जीव टांगणीला लागावा काय?

हा प्रश्न आता मुंबईपुरता राहिलेला नाही. आमच्या बीड जिल्ह्यातही पोरं मोबाइलवर लघुपट काढतात. गोष्ट गावातली, नट गल्लीतले, खर्च वर्गणीतून. मी कवी माणूस, तेव्हा गाणी आणि संवाद लिहून घ्यायला ती माझ्याकडे येतात. ‘चाचा, शेवटी हिरो विहिरीत उडी मारतो,’ असं एकजण उत्साहानं सांगतो. मी विचारतो, ‘मारतो, की मारताना दिसतो?’ या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्याविषयी आज बोलायचं आहे.

जत्रेत किंवा उरुसात आपण ‘मौत का कुआं’ पाहतो. तिथं मोटारसायकलवाला खराच धोका पत्करतो, कारण आपण काठावर उभे राहून त्याला सगळीकडून पाहत असतो. कॅमेऱ्याचं तसं नसतं. त्याला एकच डोळा, आणि तोही आपण वळवू तिकडेच वळणारा. चौकटीबाहेर गादी आहे की दरी, हे त्याला कळत नाही. शिवाय चित्रण हवं तिथं थांबवता येतं, हवं तिथं जोडता येतं.

ही युक्ती सिनेमाइतकीच जुनी आहे. १८९५ साली अमेरिकेत एडिसनच्या कंपनीनं राणी मेरीच्या शिरच्छेदाची छोटी फिल्म काढली. कुऱ्हाड पडण्याआधी कॅमेरा थांबवला, नटाच्या जागी बाहुली ठेवली आणि पुन्हा सुरू केला. आपले दादासाहेब फाळके तर स्वतः जादूगार. ‘फाळके’ हे नाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणून ते प्रयोग करीत. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी आपल्या चिमुकल्या मंदाकिनीला कृष्ण केलं आणि नागाशी झुंजवलं. ज्याला जादू येते, त्याला लेकराचा जीव पणाला लावावा लागत नाही.

हॅरॉल्ड लॉइड हा विनोदी नट १९२३च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. खाली रस्ता, धावत्या मोटारी. प्रत्यक्षात ती भिंत एका इमारतीच्या गच्चीवर मुद्दाम उभारली होती आणि चौकटीच्या बाहेर, लॉइडच्या खाली, गाद्या अंथरल्या होत्या. याच लॉइडनं १९१९ साली फोटोसाठी खोटा समजून एक बॉम्ब हातात धरला होता. तो खरा निघाला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. तेव्हा ‘नकली आहे’ असं कुणी म्हटलं, तरी आधी तपासावं.

पैसे नसले तर काय करायचं, याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात, मालेगावात आहे. यंत्रमागांच्या या गावात शेख नासिर यांनी २००० साली सुमारे पन्नास हजारांत ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकूंना घोडे परवडेनात, तर त्यांना सायकलींवर बसवलं. लोक हसले आणि चित्रपट चालला. पुढं त्यांच्या सुपरमॅनला उडायचं होतं. हिरव्या कापडासमोर चित्रण करायचं, मग संगणकावर हिरवा रंग काढून तिथं आभाळ भरायचं, एवढंच त्याचं गणित.

आता आपल्या विहिरीकडे येऊ. उन्हाळ्यात आमच्या विहिरी तळ गाठतात. उडी म्हणजे दगडावरच. ती अशी दाखवता येते. पहिल्या तुकड्यात पोरगा विहिरीच्या दिशेनं धावतो आणि काठाच्या बराच अलीकडे थांबतो. दुसऱ्यात तो शेतातल्या दोन-तीन फुटी बांधावरून उडी घेतो. खाली सोयाबीनच्या भुसकटाची पोती, त्यावर गोधड्या. कॅमेरा जमिनीलगत, मागं फक्त आभाळ, त्यामुळं उंची कळत नाही. तिसऱ्यात कपडे घातलेलं बुजगावणं विहिरीत पडतं, तेही अर्धा सेकंदच दिसतं. चौथ्यात मोबाइल जमिनीवर उताणा ठेवायचा, भोवती ट्रॅक्टरचं जुनं टायर, आणि गावकऱ्यांनी त्यात वाकून पाहायचं. वाटतं, विहिरीच्या तळातून दिसतंय. बाकीचं काम आवाज करतो.

थप्पड गालापासून वीतभर दूरून जाते. कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागं असला की अंतर दिसत नाही. मार खाणाऱ्यानं मान झटकायची, टाळीचा आवाज नंतर भरायचा. कोयता पुठ्ठ्याचा, वर चंदेरी कागद. रात्रीची भरधाव मोटारसायकल डबल स्टँडवर उभी असते. दोघं ती हलवतात, तिसरा दिव्यासमोरून झाडाची फांदी फिरवत राहतो. सावल्या पळतात, गाडी जागच्या जागी.

दोन नियम मात्र पाळावेत. प्रत्येक प्रसंगाची आधी सावकाश तालीम करावी. आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार एकाला द्यावा. तो म्हणाला की दिग्दर्शकानंही थांबावं. पैसा हा काही नियम नाही. २०१६ साली बंगळुरूजवळ एका मोठ्या चित्रपटासाठी दोन नटांनी हेलिकॉप्टरमधून जलाशयात उडी घेतली. अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हतं, दोघेही बुडाले.

जून २०२४ मध्ये पुण्यात एक मुलगी पडक्या इमारतीवरून केवळ मित्राच्या हाताला धरून लोंबकळली आणि तिचं चित्रण झालं. ती वाचली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. लॉइडनं हेच शंभर वर्षांपूर्वी गाद्यांवर केलं होतं! त्याच महिन्यात खुलताबादजवळ सुलीभंजनला चित्रण चालू असताना गाडी मागं जाऊन दरीत कोसळली आणि एक तरुणी गेली.

आमच्याकडे या गोष्टीचा हिशेब आणखी कडक आहे. लघुपटात हिरो होणारा पोरगा अनेकदा दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारा असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाचा पाय मोडला की अख्खा कोयता मोडतो, हंगाम जातो, उचल मात्र अंगावर राहते. मोठ्या नटाला विमा असतो, बदली माणूस असतो. याच्याकडे काय आहे? म्हणून ज्याच्याकडे पैसा कमी, त्यानंच लबाडी जास्त शिकावी. सिनेमातली ही एकच लबाडी अशी, की जिच्यात कुणाचंच नुकसान होत नाही. पाहणारा आनंदानं फसतो आणि पडलेला पोरगा अंग झाडून उठतो, घरी जाऊन आईच्या हातची भाकरी खातो.