जुनी थकबाकी आणि नवा प्रवेश

मी पेडगावचा आहे असं सांगितलं की नवखा माणूस हमखास हसतो. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण त्याला आठवते. म्हणीतलं ते पेडगाव अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यात आहे असं मानतात. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं, परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. पण आज जो विषय मांडायचा आहे, त्यात ती म्हण कामाची आहे. कॉलेजची जुनी थकबाकी समोर आली की माणसं दोनच गोष्टी करतात. काही जण वेड पांघरतात, म्हणजे आपल्याला काही ठाऊकच नाही असं दाखवतात. उरलेले घाबरून मुकाट पैसे भरतात. या दोन्हींच्या मधला, हिशेब मागण्याचा रस्ता आज सांगणार आहे.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात हिशेबाचं काम केलं आणि तिथूनच निवृत्त झालो. गेल्या वर्षी शेजारची एक लेक माहेरी आली होती. २०१९ मध्ये बी.ए.चं दुसरं वर्ष संपलं आणि तिचं लग्न झालं. शिक्षण तिथंच थांबलं. आता मुलगा शाळेत जाऊ लागला, तेव्हा सासरच्या गावाजवळच्या कॉलेजात तिसरं वर्ष पूर्ण करायचं तिनं ठरवलं. जुन्या कॉलेजात टी.सी. मागायला गेली, तर उत्तर मिळालं, "तुमच्याकडे ३,३६० रुपये बाकी आहेत. आधी भरा, मग टी.सी." घरी नवरा म्हणाला, "आज तीन हजार म्हणतात, उद्या आणखी काढतील. राहू दे ते शिक्षण." ती मला म्हणाली, "काका, सोनाराकडे कानातलं ठेवून भरून टाकू का?"

मी म्हटलं, "थांब पोरी. आधी हा आकडा कशाचा आहे ते लेखी विचारू."

या आकड्यांची जात मला ठाऊक आहे. वर्षअखेरीला फी रजिस्टरवर जे येणं दिसतं, ते कारकून पुढच्या वर्षाच्या रजिस्टरवर ओढतो. का येणं आहे, हे दरवेळी तपासलं जात नाही. मीही असे आकडे पुढे ओढले आहेत. विद्यार्थी निघून जातो, आकडा मात्र राहतो. म्हणून रजिस्टरवर आहे तेवढं देणं आहेच, असं समजू नका.

पहिला अर्ज साधा असावा. प्राचार्यांच्या नावे, तीन मागण्या: कोणत्या वर्षाची बाकी, कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम, आणि त्या काळात माझ्या नावे जमा झालेल्या रकमांच्या पावत्यांच्या स्थळप्रती. अर्ज आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवावा. उत्तर आलंच नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्यानं अनुदानित महाविद्यालयाला, विद्यापीठाला आणि समाजकल्याण कार्यालयाला तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहे.

आमच्या लेकीच्या अर्जाला उत्तर आलं, तेव्हा ३,३६० चे तीन तुकडे झाले.

पहिला तुकडा १,९४० रुपयांचा, २०१७-१८ च्या शिक्षण शुल्काचा. ती शिष्यवृत्तीधारक होती. त्या वर्षी महाडीबीटी हे शासनाचं नवं संकेतस्थळ सुरू झालं, ते नीट चालेना, म्हणून शेवटी अर्ज कागदावर घ्यावे लागले. अशा वेळी पैसे उशिरा आणि एकगठ्ठा येतात, आणि कॉलेजात नाववार जमाखर्च होताना एखादं नाव सुटतं. समाजकल्याण कार्यालयाकडे माहिती मागितली, तर मंजूर यादीत तिचं नाव होतं आणि रक्कम कॉलेजकडे गेलेली होती.

दुसरा तुकडा ८२० रुपयांचा, २०१८-१९ च्या परीक्षा शुल्काचा. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी शासनानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात परभणी जिल्ह्यातले तालुकेही होते. दुष्काळ जाहीर झाला की ज्या सवलती मिळतात, त्यांत जमीन महसुलातली सूट जशी असते, तशी विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही असते. शेतकऱ्याला महसुलाचं ठाऊक असतं, परीक्षा शुल्काचं बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून ज्या वर्षाची बाकी दाखवली आहे, ते वर्ष आपल्या तालुक्यात दुष्काळाचं होतं का, हे जरूर पाहावं.

तिसरा तुकडा ६०० रुपयांचा, ग्रंथालयाच्या एका पुस्तकाचा आणि दंडाचा. तिनं कपाळाला हात लावला. पुस्तक माहेरच्या माळ्यावर निघालं. हे देणं खरं होतं.

आता कायद्याचं थोडं. रकमेच्या वसुलीचा दावा साधारणपणे ती देय झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो, असं १९६३ चा मुदत कायदा सांगतो. मात्र मुदत गेली म्हणजे देणं पुसलं गेलं असं नाही. कोर्टातून वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. इथं एक खाच आहे. मुदत संपण्याआधी तुम्ही "माझ्याकडे इतकी बाकी आहे" असं लिहून सही दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्यानं मोजली जाते. मुदत संपल्यावर "ही रक्कम मी भरीन" असं लेखी वचन दिलं, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तेही बंधनकारक ठरू शकतं. टी.सी.च्या घाईत कार्यालयानं पुढे केलेल्या हमीपत्रावर आपण हेच लिहून देत असतो. म्हणून न वाचता सही नको. आपल्या अर्जातही "माझी थकबाकी" असं न लिहिता "आपण दाखवलेली रक्कम, जी मला मान्य नाही" असं लिहावं.

टी.सी. अडवता येते का, हा खरा कळीचा प्रश्न. मद्रास उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये सांगितलं की दाखला हे फीवसुलीचं हत्यार नव्हे. तो निकाल शाळांबाबत आणि दुसऱ्या राज्यातला आहे, त्यामुळे आपल्या कॉलेजला तो थेट बांधत नाही, पण विचाराची दिशा दाखवतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तर २०२० पासून थकबाकीपोटी गुणपत्रिका अडवायला कायद्यानंच बंदी आहे.

आपल्याकडे दाद मागण्याची जागा आहे ती विद्यार्थी तक्रार निवारण समितीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीनं तक्रार आल्यापासून कामाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. परभणी जिल्ह्यातली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणून लोकपालही तिथलाच. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर मानलं आहे. त्या वाटेवर भरवसा ठेवू नये. वकिलाचा सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथं उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते.

आणखी दोन सूचना. एक, भांडायला जाण्याआधी विद्यापीठात विचारून घ्या की जुन्या वर्षांचे गुण अजून धरले जातात का, अभ्यासक्रमाची कमाल मुदत उरली आहे का. नाहीतर टी.सी. हातात येईल आणि प्रवेशच मिळणार नाही. दोन, प्रवेशाची शेवटची तारीख तोंडावर आली असेल तर पैसे भरायला हरकत नाही. मात्र सोबत पत्र द्या की ही रक्कम मान्य नसून, हक्क राखून आणि हरकत नोंदवून भरत आहे. पावतीवर शीर्ष लिहून घ्या. वर्ष वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

आमच्या लेकीचं प्रकरण समितीपर्यंत गेलंच नाही. यादीची प्रत आणि दुष्काळाचा आदेश जोडून दुसरा अर्ज दिला. प्राचार्यांनी फी रजिस्टर मागवून शेजारी बसून पाहिलं आणि दोन्ही रकमा कमी केल्या. मग तिनं पुस्तक परत केलं आणि दंड भरून पावती घेतली. पुस्तक मिळाल्यामुळे त्याची किंमतही वजा झाली. टी.सी. त्याच आठवड्यात मिळाली. कानातलं कानातच राहिलं.

मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट टोचते. मी पुढे ओढलेल्या आकड्यांपैकी किती असेच असतील? किती मुली टी.सी. मागायला आल्या असतील आणि आकडा ऐकून परत फिरल्या असतील? ज्यांच्या हाती आज ती रजिस्टरं आहेत, त्यांना माझी विनंती आहे की बाकी पुढे ओढण्याआधी ती कशाची आहे हे एकदा पाहा. आणि ज्यांचं शिक्षण असं एखाद्या आकड्यापाशी अडलं आहे, त्यांनी तोंड लपवू नये, की घाबरून दागिना मोडू नये. एक कोरा कागद घ्यावा आणि हिशेब मागावा.