हंगामातील पाखरे आणि आपली बैलजोडी



गाळपाला जसा हंगाम, तसा पाखरांच्या येण्याजाण्यालाही असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, जिवतीच्या माणिकगड डोंगरापासून पूर्वेला, तो चांगला पाहता येतो. आपल्या बांधावरही त्यातले बरेच दिसतात, म्हणून ही माहिती देत आहोत.

मृगाच्या आगेमागे चातक येतो. अंग काळे-पांढरे, डोक्यावर तुरा. स्वतः घरटे बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. त्याच सुमारास जंगलात नवरंगाची शीळ ऐकू येते. दसऱ्याच्या सुमारास धोबी शेपूट हलवीत पाटाच्या कडेला फिरू लागतो. थंडी पडली की उत्तरेकडची बदके तलावांवर उतरतात. भोरड्यांचे थवे ज्वारीवर बसतात हे खरे, पण टोळ आणि अळ्याही त्याच फस्त करतात. उन्हाळा लागला की हे हिवाळी पाहुणे परत जातात.

गिधाड मात्र पाहुणा नव्हे, घरचाच. गडचिरोली भागात ते अजून टिकून आहे. ऑक्टोबरनंतर उंच झाडावर घरटे करून मादी एकच अंडे घालते आणि पिल्लू उन्हाळ्याच्या तोंडाशी उडते. म्हणजे नेमका आपला गाळप हंगाम! याच दिवसांत ओढीच्या बैलांना सूज-लंगडेपणावर इंजेक्शने दिली जातात.

इथेच खरी गोम आहे. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरतात. यामुळे पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ साली किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅकवरही घातली.

गिधाडे गेली की मढी सडतात, मोकाट कुत्री वाढतात आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा धोका आपल्याच पोराबाळांना.

म्हणून आमचे सांगणे एवढेच:

१) बैलाला मेलॉक्सिकॅम द्यावे, तेही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. ते गिधाडांना सुरक्षित ठरले आहे.
२) माणसांचे डायक्लोफिनॅक जनावराला टोचू नये. निमेसुलाइडही टाळावे.
३) औषधोपचार चालू असताना जनावर दगावले, तर उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

गाडीवान मंडळींनाही हे समजावून सांगावे, ही विनंती.