मोटर बदलण्यापूर्वी : विजेच्या वाहनांतील स्थितिदर्शकाचे निदान

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. २०२२ साली त्याच तारखेस, त्याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ बस सुरू झाली. विजेची वाहने रस्त्यांवर रुळत चालली असली, तरी त्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान वाहनांच्या मागून काहीशा संथ गतीने येत आहे. त्यामुळे मोटर सुस्थितीत असतानाही ती बदलण्याचा महागडा सल्ला वाहनधारकास मिळण्याचा संभव असतो. मोटरीच्या स्थितिदर्शकाचा बिघाड हे याचे बोलके उदाहरण होय.

विजेच्या व हायब्रिड गाड्यांमध्ये बहुधा कायम चुंबक बसविलेला रोटर, म्हणजे मोटरीचा फिरता भाग, असतो. त्याच्या सभोवतीच्या वेटोळ्यांपैकी कोणत्या वेटोळ्यात कोणत्या क्षणी प्रवाह सोडावयाचा, हे रोटर त्या क्षणी कोणत्या कोनात आहे यावर ठरते. झोपाळ्यास अवेळी धक्का दिला, तर झोका वाढण्याऐवजी खुंटतो. येथेही तसेच घडते. गाडी थरथरते, हिसके देते किंवा जागची हलतच नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीत रोटरचा कोन कळण्यासाठी ‘रिझॉल्व्हर’ नावाचे साधन योजिले आहे. मोटरीच्या दांड्यावर लंबवर्तुळाकार लोखंडी चकती आणि तिच्याभोवती वेटोळ्यांचे तीन संच, एवढीच त्याची रचना. एका संचात नियंत्रक उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडतो. चकती फिरताना मधली फट कमीअधिक होते आणि उरलेल्या दोन संचांतून येणारे संकेत कोनाच्या ज्या व कोज्या यांनुसार बदलतात. ज्या व कोज्या यांच्या वर्गांची बेरीज नेहमी १ असते, हे गणिताच्या शिक्षकांना सांगावयास नकोच. ही बेरीज जमेनाशी झाली की संकेतांत खोट आहे, हे नियंत्रकास ओळखता येते. वर्गातील सूत्र असे गाडीच्या रक्षणास येते!

बिघाड आढळताच धोक्याचा दिवा लागतो आणि नियंत्रकात ‘पी०ए३एफ’ यासारखा संकेतांक नोंदला जातो. या संकेतांकाचा अर्थ ‘स्थितिदर्शकाच्या मंडलात दोष आहे’ इतकाच. मोटर जळाली असा नव्हे. मंडलात रिझॉल्व्हरबरोबरच तारा, कनेक्टर व खुद्द नियंत्रकही येतो. रिझॉल्व्हरमध्ये नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग नसल्याने ते उष्णता व हादरे चांगले सोसते. म्हणून संशयाची सुई प्रथम कनेक्टरकडे वळावी. आत शिरलेले पाणी, गंजलेली वा सैल पिन, तुटलेले तारेचे आवरण यांचा शोध आधी घ्यावा.

तथापि, बॉनेट उघडण्याची घाई जिवावर बेतू शकते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट असून मोटरीसाठी तो ५०० व्होल्टपर्यंत वाढविला जातो. नारिंगी आवरणाच्या तारा या उच्च दाबाच्या होत. प्रशिक्षित कारागिराने विद्युतरोधक हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढावा, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे आणि दाब खरोखर उतरल्याची मीटरने खात्री करावी. गावच्या गॅरेजमध्ये ही साधने नसतील, तर काम न स्वीकारणे हेच शहाणपण.

पुढील तपासणी साध्या मल्टिमीटरने होऊ शकते. संकेतांक पुसून टाकण्यापूर्वी तो लिहून घ्यावा. त्यानंतर नियंत्रकाकडील कनेक्टर सोडवून तिन्ही संचांचा रोध मोजावा. तो फार थोड्या ओहमांचा असतो व नेमकी मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. मोजमाप चुकीचे आले, तर तेच मोटरीजवळच्या कनेक्टरवर पुन्हा घ्यावे. तेथे ते बरोबर आले, तर दोष मधल्या तारेत आहे. तेथेही चुकले, तरच रिझॉल्व्हर दोषी. वेटोळी व मोटरीचे धातूचे कवच यांचा संपर्क आलेला नाही, हेही पाहावे. दोष अधूनमधून प्रकट होत असेल, तर मोजमाप चालू असता तार हलक्या हाताने हलवावी. आकडा उडी मारील, तेथे खोट सापडते. रोध ठीक असूनही तक्रार राहिल्यास ऑसिलोस्कोपवर तिन्ही संकेत पाहणे आवश्यक ठरते.

रिझॉल्व्हर किंवा मोटर बदलणे अटळ झालेच, तर अनेक गाड्यांत रोटरचा आरंभकोन निदानयंत्राद्वारे नियंत्रकास नव्याने शिकवावा लागतो. हे राहून गेले, तर नवा भाग बसवूनही गाडी पूर्वीसारखीच हिसके देत राहते.