छोट्या होडीला मोठी बोट वाट देते का?

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या खाड्या कागदोपत्री राष्ट्रीय जलमार्ग आहेत, हे कयाक घेऊन पाण्यात उतरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. २०१६ च्या कायद्याने रेवसजवळच्या मुखापासून नागोठण्याच्या पुलापर्यंतची अंबा नदी क्रमांक १० चा जलमार्ग झाली आणि रेवदंड्यापासून रोह्याच्या पुलापर्यंतची कुंडलिका क्रमांक ८५ चा. कायदा बाजूला ठेवला, तरी डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जमधून धरमतरच्या खाडीनेच येतो. तेव्हा इथे वल्हे मारणारा माणूस मालवाहतुकीच्या रस्त्यावर असतो. या रस्त्याबद्दलचा सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ‘वल्ह्याच्या होडीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यायची असते’. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम असे म्हणत नाहीत. कोणी कोणाला वाट द्यावी याची उतरंड सांगणाऱ्या अठराव्या नियमात शिडाच्या आणि मासेमारीत गुंतलेल्या नौकांचा उल्लेख आहे, वल्ह्याच्या होडीचा नाही. उलट नववा नियम स्पष्ट बजावतो की अरुंद वाटेत, फक्त त्या वाटेनेच सुरक्षित जाऊ शकणाऱ्या जहाजाचा मार्ग वीस मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेने अडवू नये. कयाकची लांबी जेमतेम तीन-चार मीटर.

नियम असा का, हे बार्जच्या बाजूने पाहिले की कळते. त्याचे सुकाणूघर मागच्या टोकाला असते आणि नाळेच्या लगेच पुढचे पाणी तिथून दिसतच नाही. मोठ्या सागरी जहाजांच्या नियमांतही हे गृहीत धरले आहे: दोन जहाजलांबी किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढे पुढचे पाणी झाकले गेले तरी चालते. तेवढ्या पट्ट्यात शिरलेली कयाक तांडेलाच्या लेखी अस्तित्वातच नसते. रडारचा भरवसाही फोल, कारण प्लास्टिक किंवा फायबरची, पाण्यालगत बसणारी वस्तू लाटांच्या गर्दीत सहज हरवते. आणि समजा दिसलीच, तरी इंजिन उलटे फिरवल्यावरही भरलेला बार्ज आपल्या लांबीच्या कित्येक पट पुढे सरकत राहतो. बाजूला वळावे तर तिथे गाळ. थोडा हिशेब करा. दोनशे मीटरची वाट ताशी पाच किलोमीटरने ओलांडायला सुमारे अडीच मिनिटे लागतात. तेवढ्यात आठ नॉटच्या वेगाचा बार्ज सहाशे मीटर पुढे आलेला असतो, तर पंचवीस नॉटची स्पीडबोट जवळजवळ दोन किलोमीटर.

इथे एक रास्त आक्षेप येतो. खाडी आधी कोळ्यांची आणि आगऱ्यांची. कारखाना मागून आला. मग लहानानेच का सरकायचे? शिवाय सतत नजर ठेवणे आणि सुरक्षित वेग राखणे हे पाचव्या-सहाव्या नियमाने मोठ्या बोटीवरही बंधनकारक आहेच. आक्षेप खरा आहे, आणि बार्जमालकांना जाब विचारण्याचा हक्क कोणी सोडू नये. पण दोष कोणाचा हे ठरते टक्कर झाल्यावर, आणि ती टाळण्याची क्षमता त्या क्षणी कोणाकडे आहे हा प्रश्न निराळा. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जण गेले. भर दिवसा, शंभराहून अधिक माणसे घेऊन चाललेली बोट वाचली नाही. ‘आपण दिसतोय म्हणजे ते टाळतील’ हा समज त्यानंतर तरी टिकू नये. म्हणूनच बार्ज आणि स्पीडबोट यांना एकच मानू नये: बार्ज वळू शकत नाही पण कुठून जाणार ते नक्की असते, स्पीडबोट वळू शकते, पण ती कुठे वळेल याचा नेम नाही.

दुसरा समज रोहा तालुक्यातल्या कोलाडने पोसला आहे: तिथले फेसाळते पाणी झेपले की खाडी म्हणजे पोरखेळ. कोलाडला वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी ठरल्या वेळी येते, सोबत वाटाड्या असतो आणि समोरून बोट येत नाही. खाडीत पाणी शांत दिसते, पण दिवसातून साधारण चारदा दिशा बदलते. ओहोटीला दोन्ही कडांना गाळ उघडा पडतो, उतरायला जागा उरत नाही आणि कयाक आपोआप मधल्या खोल वाटेत ढकलली जाते. मग भरती बरी? कडेने जायला पाणी मिळते म्हणून हो. मात्र भरलेले बार्जही भरती धरूनच वर येतात. त्यांची लाट उथळ कडेशी उंच होऊन फुटते. तेव्हा वाटेबाहेर राहावे, पण गाळाला चिकटू नये, आणि लाट आडवी अंगावर न घेता नाळेकडून घ्यावी.

वाट ओलांडायचीच असेल तर काटकोनात, सगळ्यांनी एकत्र, आणि बार्ज गेल्यावर त्याच्या मागून. आपण सरळ जात असताना तो एकाच कोनात दिसत राहिला आणि मोठा होत गेला, तर टक्कर ठरलेली आहे, थांबा. भोंग्याचे पाच आखूड आवाज ऐकून हात हलवणारे हौशी असतात. त्या आवाजांचा अर्थ ‘तुमचा इरादा मला कळत नाही’ असा असतो. अंधारात पांढरा टॉर्च हाताशी हवाच. वल्ह्याच्या होडीला नियमाने तो वेळीच दाखवावा लागतो. पोहता येते म्हणून जीवरक्षक जाकीट नाकारणे तर निव्वळ हट्ट. धडक बसून शुद्ध हरपलेल्याला तरंगत कोण ठेवणार? जाकीट भगव्या रंगाचे असले तर उपयोग दुप्पट, कारण निळी-करडी कयाक खाडीच्या पाण्यात मिसळून जाते.

खाडीत कयाक भाड्याने देणारा भेटला तर पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: आज भरती किती वाजता, आणि बार्ज कुठल्या वाटेने येतात? उत्तर देताना तो अडखळला तर पाण्यात उतरू नका.